लेखांक ६ : कोलकात्याची भट्टी आणि धुराड्यातला सेन्सर

डिसेंबर लागला की कोलकात्याच्या तालतला, रिपन स्ट्रीट भागातल्या जुन्या बेकऱ्यांना उसंत नसते. घरी कालवलेलं केकचं मिश्रण घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि लाकडाच्या भट्टीत भाजून नेतात. नेमक्या याच दिवसांत थंड हवा जमिनीलगत साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धुराला वर जायला वाट उरत नाही.

धुराशी या शहराचं भांडण जुनं आहे. लीड्सचे धूरतज्ज्ञ फ्रेडरिक ग्रोव्हर यांना इथे पाचारण करण्यात आलं आणि १९०५ मध्ये बंगालचा धूरविरोधी कायदा झाला. रोख होता कोळशावरच्या कारखान्यांवर. त्या काळी जगभर धूर मोजायचा तो रिंगेलमान तक्त्यावर : ० म्हणजे धूर नाही, ५ म्हणजे काळाकुट्ट. पण चिमणीवर काळं दिसेपर्यंत बिघडायचं ते बिघडलेलं असतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर रंगच नाही.

लाकूड तापलं की आधी त्यातून वायू सुटतात. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली तर ते जळतात. नाही तर कार्बन मोनॉक्साइड, डांबर आणि काजळी होऊन बाहेर पडतात. मग हवा वाढवत न्यावी? तेही नाही. अति हवेने ज्योत थंड पडते आणि जळण पुन्हा अर्धवट राहतं. योग्य प्रमाण या दोहोंच्या मधे असतं आणि लाकूड जळत जाईल तसं ते सरकत राहतं. भट्टीवाल्याच्या नजरेला हे सतत पकडणं अशक्य आहे.

इथे सेन्सर कामी येतो. १९७६ पासून मोटारींत वापरला जाणारा झिर्कोनियाचा ऑक्सिजन सेन्सर आज ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या लाकडी बॉयलरांत बसवतात. धुराड्यात किती ऑक्सिजन उरला ते तो सांगतो आणि त्यावरून हवेची झडप आपोआप हलते. दुसरा प्रकार टिन ऑक्साइडचा. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये त्याचं पेटंट मागितलं. कार्बन मोनॉक्साइड लागला की त्याचा विद्युतरोध घटतो. खाणींतल्या मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी असे सेन्सर कोलकात्यातच, जादवपूरच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत घडले आहेत. म्हणजे विद्या शहरात आहे.

अडचण भट्टीच्या रचनेत आहे. पारंपरिक भट्टीत लाकूड आतच पेटवतात, मग निखारे ओढून पाव लावतात. सर्वांत जास्त धूर पेटवतानाच्या सुरुवातीच्या वेळात होतो. सेन्सर, झडप आणि छोटा पंखा हे त्रिकूट त्या वेळेपुरतं चाललं तरी मोठा फरक पडेल. त्यासाठी धुराडं धड हवं आणि डांबराने माखणारा सेन्सर वेळेवर साफ व्हायला हवा.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे जायला सांगितलं. शेवटी तेच करावं लागेल. तोवर निदान भट्टीशेजारी राबणाऱ्या कामगारांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र बसायलाच हवं. त्याला ना धुराडं लागतं, ना झडप.

पुढच्या आठवड्यात : निमतला घाटावरची लाकडाची चिता आणि विद्युतदाहिनी.