चिनी पंचांगातील हिवाळी महिने व अयनदिन

चीनच्या पारंपरिक चांद्र-सौर पंचांगातील दहावा, अकरावा व बारावा हे हिवाळ्याचे महिने आणि त्यांपैकी अकराव्यात येणारा उत्तरायणारंभाचा दिवस. या दिवसास चिनी भाषेत ‘दोंगझी’ म्हणजे हिवाळ्याची परिसीमा अशी संज्ञा आहे. नववर्षाचा उत्सव वसंतात होत असला, तरी वर्षाची गणिती मांडणी याच दिवसाच्या आधाराने केली जाते.

कालगणना : सूर्य-चंद्रांची युती ज्या दिवशी होते, तो महिन्याचा पहिला दिवस होय. याखेरीज सूर्याच्या वार्षिक मार्गाचे प्रत्येकी १५ अंशांचे २४ भाग पाडलेले असून त्यांपैकी एकाआड एक अशा १२ बिंदूंना ‘झोंगची’ म्हणतात. सूर्याचा सायन भोग २२५ अंश होतो, तेव्हा (सु. ७ नोव्हेंबर) हिवाळा सुरू होतो व ३१५ अंशांवर (सु. ४ फेब्रुवारी) तो संपतो. २७० अंशांचा दोंगझी २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. त्यामुळे चिनी कल्पनेनुसार अयनदिन हा हिवाळ्याचा आरंभ नसून मध्य ठरतो.

ज्या महिन्यात दोंगझी येतो, तो अकरावाच असला पाहिजे, हा मूलभूत नियम आहे. एका अकराव्या महिन्याच्या आरंभापासून पुढील अकराव्याच्या आरंभापर्यंत १३ महिने भरल्यास त्यांतील झोंगचीरहित पहिला महिना अधिक मानतात. संक्रांतिरहित महिना अधिक मानण्याच्या भारतीय पद्धतीशी याचे साम्य आहे. मात्र भारतीय संक्रांती निरयन असल्याने मकरसंक्रांत अयनदिनापासून दूर सरकली आहे, तशी चिनी दोंगझी सरकत नाही. तसेच एका महिन्यात दोन झोंगची आल्या, तरी चिनी पंचांगात क्षयमास होत नाही.

झोंगचीरहित महिना अधिक मानण्याची पद्धत इ. स. पू. १०४ मध्ये रूढ झाली. १६४५ पर्यंत वर्षाचे कालदृष्ट्या समान भाग पाडीत; त्यानंतर सूर्याची स्पष्ट गती स्वीकारण्यात आली. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असल्याने हिवाळ्यात दोन झोंगचींमधील अंतर चांद्रमासाहून किंचित कमी भरते व हिवाळ्यात अधिक महिना क्वचितच येतो. २०३३ मध्ये असा प्रसंग येईल. त्या वर्षी सातव्यानंतरचा महिना झोंगचीरहित असल्याने १९९० च्या दशकापूर्वीच्या अनेक कोष्टकांत तो अधिक दाखविला गेला होता. परंतु तसे केल्यास दोंगझीचा महिना दहावा ठरला असता. म्हणून अकराव्यानंतरचा, २२ डिसेंबर रोजी सुरू होणारा महिना अधिक धरावा लागतो.

वेध : अयनदिनाच्या सुमारास शंकूच्या मध्यान्हछायेत अत्यल्प फरक पडत असल्याने अयनाचा क्षण प्रत्यक्ष पाहून ठरविणे कठीण असते. त्सू छोंगझी (४२९–५००) याने अयनापूर्वीच्या व नंतरच्या काही दिवसांच्या छाया मोजून त्यांवरून हा क्षण काढण्याची रीत बसविली. ग्वो शौजिंग (१२३१–१३१६) याने दंगफंग येथील वेधशाळेत नेहमीच्या पाचपट, सु. १० मी. उंचीच्या शंकूची योजना केली. त्याच्या १२८१ च्या पंचांगात वर्षमान ३६५·२४२५ दिवस आहे. १५८२ मधील ग्रेगरियन पंचांगाचे वर्षमानही तेवढेच आहे.

विधी व प्रथा : मिंग व चिंग राजवटींत या दिवशी सम्राट पेकिंगच्या स्वर्गमंदिरातील वर्तुळाकार वेदीवर (१५३०) आकाशाला बली अर्पण करी. पंचांग अचूक असणे हे राजसत्तेच्या वैधतेचे लक्षण समजले जाई. प्रजासत्ताक स्थापन झाल्यावरही १९१४ मध्ये अध्यक्ष युआन शिकाई याने हा विधी केला. लोकव्यवहारात दोंगझीपासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजून ८१ दिवसांनी थंडी सरली असे मानतात. त्यासाठी ८१ पाकळ्यांच्या फुलांचे चित्र काढून रोज एक पाकळी रंगविण्याची प्रथा होती. या दिवशी उत्तरेकडे सारण भरून उकडलेल्या करंज्यांसारखा ‘ज्याओझ’ हा पदार्थ, तर दक्षिणेकडे चिकट तांदळाच्या पिठीचे गोळे करतात. बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी धान्ये व कडधान्ये यांची खीर करतात.

१९१२ मध्ये चीनने ग्रेगरियन पंचांग स्वीकारले. तथापि सणांच्या तिथी जुन्याच पंचांगावरून ठरतात. २०१६ मध्ये युनेस्कोने २४ भागांच्या या परंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.