इंजिनाच्या पोटातले मीठ

मे महिना सरत आला की आपल्या किनाऱ्यावर ओळखीची लगबग सुरू होते. नौका वर ओढून घेतल्या जातात, जाळी धुऊन-वाळवून माळ्यावर जातात आणि नौकांवर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर चढते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते, आणि तेवढे दिवस नौकेला सक्तीची विश्रांती मिळते. या लगबगीत जाळ्याची काळजी घेतली जाते, लाकडाला तेलपाणी होते. परंतु नौकेचे काळीज जे इंजिन, त्याच्या पोटात उरलेल्या पाण्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यात अनेक घरांची वर्षाची भाकरी गुंतली आहे, म्हणून आम्ही त्यावर लिहीत आहोत.

महाकालाच्या दर्शनाला गेलेले आमचे वाचक उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर उतरले असतील. तेथल्या बसच्या रेडिएटरमध्ये जे पाणी असते ते गोडे, आणि तेच पाणी आतल्या आत फिरत राहते. आमच्या किनाऱ्यावरील कित्येक इंजिनांची रीत निराळी. ती थेट समुद्राचे पाणी ओढून घेतात, आपली उष्णता त्याला देतात आणि ते पुन्हा समुद्रात सोडतात. थंडाव्याला तोटा नाही हे खरे; पण त्या प्रत्येक लिटरबरोबर सुमारे 35 ग्रॅम क्षारही इंजिनात शिरतात.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी नौकेच्या इंजिनातले पाणी काढून टाकण्याचा कडक दंडक आहे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के अधिक जागा मागते आणि ती न मिळाल्यास ओतीव लोखंडाचा ठोकळाही तडकतो. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत ही सूचना वाचून आमचा एखादा नाखवा हसतो आणि म्हणतो, 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?' आमच्या मते चूक होते ती येथेच. आमच्या नौकांचा हिवाळा म्हणजे पावसाळा, आणि आमचे बर्फ म्हणजे मीठ. बर्फ एका रात्रीत घाव घालते, तेव्हा ते निदान कळते तरी. मीठ दोन महिने मुकाट्याने लोखंड कुरतडते, पाण्याच्या अरुंद वाटा बुजवते, आणि त्याचा हिशेब ऑगस्टमध्ये भर समुद्रात पुढे येतो.

त्या दिवसांत दर्या अजून पुरता निवळलेला नसतो. अशा वेळी इंजिन तापून अडकले, तर नौका लाटांच्या स्वाधीन होते आणि तिच्यावरील खलाशांचे प्राण टांगणीला लागतात. जीव वाचले तरी दुरुस्तीत हंगामाचे पहिले, मोलाचे दिवस जातात. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

उपाय मुळीच अवघड नाही. पाणी ओढणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडून इंजिन काही मिनिटे चालवावे. पंप कोरडा चालणार नाही, एवढे पाहावे. नंतर इंजिन बंद करून ते निवू द्यावे आणि खालच्या तोट्या उघडून पाण्याचा थेंबन् थेंब निथळू द्यावा. तोटीतून पाणी येत नाही म्हणजे आत पाणी नाही, असे समजू नये. पुष्कळदा तिचे तोंड गंजाने बुजलेले असते, ते तारेने मोकळे करावे. पंपातला रबरी पंखा काढून तपासावा. ज्या इंजिनांत आतले गोडे पाणी स्वतंत्र फिरते, तेथे ते पाणी ठेवावे की काढावे याबाबत पुस्तिकेचे ऐकावे. समुद्राच्या पाण्याची वाट मात्र तेथेही धुतलीच पाहिजे.

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. मेअखेर आमच्या कित्येक गावांत बायाबापड्या हंड्याभर पाण्यासाठी वणवण करीत असताना इंजिनासाठी पिंपभर गोडे पाणी आणायचे कोठून? या प्रश्नाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जूनचा पहिला पंधरवडा उलटण्यापूर्वी बहुधा पागोळ्या गळू लागतात. विहिरीचे पाणी नसेल, तर खारे पाणी लगेच काढून टाकावे आणि पहिल्या पावसाचे पाणी फडक्यातून गाळून इंजिन धुवावे. थोड्या दिवसांचा उशीर परवडेल, दोन महिन्यांचा परवडणार नाही.

तथापि सगळा भार मच्छीमारावर टाकून सरकारला आणि सहकारी संस्थांना हात झटकता येणार नाहीत. नौकेसाठी कर्ज देणाऱ्यांनी ती टिकावी याचीही चिंता वाहिली पाहिजे. धक्क्यांवर पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि बंदीच्या प्रारंभी इंजिनांची तपासणी करणारा एक जाणता कारागीर, एवढी मागणी अवास्तव आहे काय?

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ अर्पण करून त्याने सांभाळून घ्यावे अशी प्रार्थना करतो. ती करण्यापूर्वी त्याचे मीठ आपल्या इंजिनातून धुऊन टाकणे, हे आपले काम आहे.