वाळ्याची ताटी

वाळ्याची ताटी म्हणजे वाळा या सुगंधी गवताच्या मुळ्यांपासून तयार केलेला, खिडकीवर किंवा दारावर टांगून भिजता ठेवण्याचा जाड पडदा होय. कापडी पडदा, बांबूच्या काड्यांची चिक, गुंडाळता येणारा पडदा, लाकडी पट्ट्यांची झडप हे खिडकीवरील आच्छादनांचे अन्य प्रकार मुख्यतः ऊन अडवितात. ताटी मात्र आत येणारा वाराच थंड करते. विदर्भासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात तिचे मोल अधिक.

वाळ्यास संस्कृतात उशीर व हिंदीत खस म्हणतात. (पायातील वाळ्याशी या शब्दाचे साम्य केवळ उच्चारापुरते आहे.) कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकाच्या तिसऱ्या अंकात शकुंतलेच्या दाहशमनासाठी उशीराचा लेप योजिला आहे. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतही ताट्या लागल्या आणि 'टॅटी' हा शब्द त्यांच्या इंग्रजीत रुळला.

बांबूच्या कामट्यांच्या दोन चौकटींमध्ये मुळ्या पसरून त्या सुतळीने आवळल्या की ताटी तयार होते. थर फार दाट झाल्यास वारा अडतो व विरळ राहिल्यास तो कोरडाच आत शिरतो. कारागिराचे कौशल्य या मधल्या प्रमाणात आहे. पाणी झारीने शिंपडतात किंवा वर बसविलेल्या छिद्रांच्या नळीतून ठिबकू देतात.

गारव्याचे कारण

पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते व ती पाणी सभोवतालच्या हवेतून घेते. १ लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या जवळजवळ पाऊण युनिटाइतकी उष्णता खर्ची पडते. माठातील पाणी गार होते तेही याच कारणाने. मात्र हवा जितकी कोरडी, तितकाच लाभ मोठा. तापमान ४४ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर अशा रीतीने हवा तत्त्वतः सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ती तितकी उतरत नाही, तरी फरक स्पष्ट जाणवतो. याउलट ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असताना ही मर्यादा सुमारे २८ अंशांवरच येते. म्हणून नागपुरास जी ताटी वरदान, ती मुंबई-रत्नागिरीस घरातील दमटपणा वाढविण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. वारा येतो त्या बाजूस ताटी टांगून समोरची खिडकी किंचित उघडी ठेवणे आवश्यक असते. दोन्ही बाजू बंद ठेवून गारव्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, आणि नेमके हेच पुष्कळ घरांत घडते.

विजेवरील कूलर याच तत्त्वावर चालतो. त्याच्या बाजूंच्या भिजणाऱ्या चौकटींना विदर्भात आजही ताट्याच म्हणतात, मग त्यांत वाळा नसून लाकडाचा भुसकट-तंतू का असेना.

निगा

ताटी सतत ओली राहिल्यास बुरशी धरते, म्हणून रात्री ती सुकू द्यावी. वापरागणिक सुगंध मंदावतो. मुळ्या काळ्या पडून कुजट वास येऊ लागल्यास त्या बदलाव्यात. खाली गळणारे पाणी साठविण्यासाठी ठेवलेली पराती वा टाकी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करणे अत्यावश्यक आहे, कारण डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि ती अंडी पाणी आटल्यावरही कित्येक महिने टिकून राहतात.