मुळाशी चिकटलेली माती आणि नव्या जिवाणूचं नाव

ज्वारीचं रोप उपटून हलकेच झटकलं, तरी मुळांना थोडी माती चिकटून राहते. नव्या जिवाणूंचा शोध तिथूनच सुरू होतो. ती पाण्यात कालवून, पातळ करत बशीतल्या पोषक थरावर पसरली की वेगवेगळ्या वसाहती उगवतात. पण रंगरूपावरून जात ठरवणं फसवं असतं.

अ‍ॅझोस्पिरिलमचंच पाहा. बायेरिंक यांनी 1925 मध्ये ‘स्पिरिलम लिपोफेरम’ असं नाव दिलेला हा नत्र बांधणारा जिवाणू पुढे जवळजवळ विस्मरणात गेला. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांनी गवताच्या मुळांत तो पुन्हा दाखवला. 1978 मध्ये टॅरंड, क्रीग आणि डोबेराइनर यांनी डीएनए ताडून पाहिला, तेव्हा एका नावाखाली दोन जाती निघाल्या: लिपोफेरम आणि ब्राझिलेन्स. लिपोफेरमला वाढीसाठी बायोटिन लागतं, ब्राझिलेन्सला लागत नाही. माझ्या मते वर्गीकरणाचं खरं सौंदर्य अशा बारीक फरकात आहे.

आज आधी 16एस आरआरएनए जनुक वाचतात. ज्ञात जातींशी साम्य साधारण 98.7 टक्क्यांहून कमी असेल, तर नवी जात असण्याची शक्यता बळावते. त्याहून जास्त असलं तरी निकाल लागत नाही. मग संपूर्ण जनुकसंच ताडतात. तिथलं सरासरी साम्य 95-96 टक्क्यांखाली असावं लागतं. नाव अधिकृत व्हायचं तर जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. असा एक मोठा संग्रह आपल्या पुण्यात आहे.