घड्याळ कोणाचे, वर्गाचे की तुमचे?



छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की वाटेत करमाड लागते. समजा, तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी नववीत आहे. कापूस वेचणीला आला आणि महिनाभर तिची शाळा बुडाली. ती परत आली तेव्हा वर्गात बीजगणितातले अवयव पाडणे शिकवून झाले होते. आता सांगा, ही मुलगी गणितात मागे पडली तर दोष कोणाचा? बुद्धीचा, की वेळेचा?

जॉन कॅरोल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली शिकणे आणि वेळ यांचे नाते एका साध्या अपूर्णांकात बसवले. अंशस्थानी विद्यार्थ्याने अभ्यासाला प्रत्यक्ष दिलेला वेळ आणि छेदस्थानी तो धडा शिकायला त्याला लागणारा वेळ. हा अपूर्णांक १ झाला की शिकणे पुरे झाले. लागणारे तास १० आणि मिळालेले ६, तर शिकणे अर्धवटच राहणार.

पण उणीव तिथेच थांबत नाही. अवयव पाडता येत नसतील, तर दहावीत वर्गसमीकरणे शिकायला जास्त वेळ लागेल. म्हणजे छेद वाढला. तासिका मात्र तेवढ्याच! असे दोन-तीन धडे गेले, की मुलगी म्हणू लागते, "मला गणित येतच नाही." आणि एका विषयापायी शाळा सुटते.

मग ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वेळ देणारी शाळा असू शकेल का? आहे! केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ साली मुक्त विद्यालयाचा प्रकल्प सुरू केला. १९८९ साली त्याची स्वतंत्र संस्था झाली. २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. वयाची १४ वर्षे पूर्ण झाली, की तिच्या दहावीला नाव नोंदवता येते. दिलेल्या यादीतून पाच विषय निवडायचे. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. विषय एकेक करून दिले तरी चालतात. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात, तो पुन्हा द्यावा लागत नाही. महाराष्ट्रातही राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथे घंटा वाजत नाही, हजेरी घेणारे गुरुजी रोज समोर नसतात. संपर्क वर्ग असतात, पण ते थोडे. वेळ मिळाला तरी तो अभ्यासाला दिलाच नाही, तर अंश शून्यच राहील. म्हणून अशा विद्यार्थ्याला शंका विचारायला एखादा शिक्षक आणि घरी रोजचा ठरलेला तास हवाच.

करून पाहा : तुम्ही आणि तुमचे चार मित्र एकच नवा धडा निवडा. त्यावरची तीच दहा उदाहरणे बिनचूक सुटेपर्यंत प्रत्येकाला किती मिनिटे लागली, ते लिहून ठेवा. आकडे सारखे येतात का, ते पाहा. मग दुसऱ्या विषयाचा धडा घ्या. पहिला आलेला याही वेळी पहिलाच येतो का? तुमचा तक्ता गुरुजींना जरूर दाखवा.