अंगणातील भेक : त्याचा आहार व कोंड्यातील अळ्यांची घरगुती पैदास

मृगाचा पहिला चांगला पाऊस वडवणीच्या शिवारावर पडून गेला की त्या रात्री दोन गोष्टी बरोबरच घडतात. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर जमतात. आणि कोरडे महिने दगडाखाली व बांधाच्या कपारीत पडून काढलेले भेक ओट्यापाशी, दिव्याच्या उजेडात येऊन बसतात. पहिल्या गोष्टीकडे शेतकऱ्याचे लक्ष असते, कारण ह्याच भुंगेऱ्यांच्या अळ्या पुढे पिकाची मुळे खातात. दुसरीकडे लक्ष जाते ते घरातील मुलांचे. ती भेकास धरून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतात, पुढ्यात भाकरीचा तुकडा टाकतात, आणि काही दिवसांनी तो मेला म्हणून हळहळतात. भाकरी मात्र जशीच्या तशी पडलेली असते.

मुलांचा हा नाद वाईट नव्हे. परंतु प्राणी पाळावयाचा तर त्याचे खाणे-पिणे जाणून पाळावा. भेकाच्या बाबतीत ही माहिती शेतकऱ्याच्याही उपयोगाची आहे.

आपल्याकडे बेडूक व भेक यांस सरसकट बेडूकच म्हणतात. बेडकाची कातडी ओलसर व गुळगुळीत असून तो लांब उड्या घेतो. भेकाची कातडी कोरडी, खरखरीत व फोडांनी भरलेली असते; तो आखूड उड्या मारीत किंवा चक्क चालत जातो. त्याच्या दोन्ही डोळ्यांमागे लांबट फुगीर ग्रंथी असतात. घराभोवती नेहमी दिसणाऱ्या भेकाचे शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस असे आहे. पूर्वी त्यास ब्यूफो म्हणत. २००६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या गटास भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या नावावरून हे नवे नाव दिले.

भेकास दात नसतात. त्याची जीभ जबड्याच्या पुढच्या बाजूस जोडलेली असून मागचे टोक मोकळे असते. भक्ष्य हलले की जीभ बाहेर फेकली जाते व चिकट टोकास किडा चिकटून तोंडात येतो. गिळताना तो डोळे मिटतो हे मुलांनी पाहिले असेलच. त्या वेळी डोळ्यांचे गोळे आत दबून घास घशाकडे ढकलला जातो. जे हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नव्हे. यास्तव भाकरी, भात, मेलेली माशी ह्यांपैकी काहीही त्याच्यापुढे ठेवणे व्यर्थ होय.

पाण्याचेही तसेच. भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या कातडीतून तो ते शोषून घेतो. खोक्यातील भेक बहुधा उपासमारीने मरण्यापूर्वीच कोरडा पडून मरतो. म्हणून त्याच्या जागेत ओलसर माती, लपण्यास फुटक्या मडक्याचा तुकडा आणि त्यास बसता येईल असे पसरट भांडे स्वच्छ पाण्याने भरून ठेवावे. पाण्यात जंतुनाशक औषध टाकले असल्यास ते एक रात्र उघडे ठेवून मग वापरावे.

भेकास शिवल्याने चामखीळ येते हा समज निराधार आहे. तथापि त्याच्या ग्रंथींतून पांढरा विषारी चीक येतो. तो डोळ्यांत वा तोंडात गेल्यास जळजळ होते, आणि भेकास तोंडात धरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. हाताळणी थोडी असावी व नंतर हात साबणाने धुवावेत, एवढी खबरदारी पुरे.

आता आहाराचा मुख्य प्रश्न. मोकळा भेक रात्री मुंग्या, वाळवी, भुंगेरे, पतंग, रातकिडे, अळ्या, गांडुळे असे मिळेल ते खातो. पाळलेल्या भेकासही असा मिश्र आहार सर्वांत चांगला. परंतु किडे कोठून आणावयाचे, ह्याचा विचार फार थोडे लोक करतात. फवारलेल्या कपाशीतून वा सोयाबीनमधून सुस्त पडलेले किडे गोळा करणे मुलांना सोपे वाटते, कारण ते पळत नाहीत. ते पळत नाहीत ह्याचे कारण त्यांच्या अंगात विष भिनलेले असते. असे किडे भेकास तर नाहीतच, कोंबड्यांसही घालू नयेत. आणि फवारलेल्या पिकात मुलांस मुळीच जाऊ देऊ नये. खात्रीचे किडे हवे असतील तर ते घरी वाढविणे हाच मार्ग उरतो.

ह्यासाठी सोयीची अळी म्हणजे शहरांत मीलवर्म ह्या नावाने विकली जाणारी कोंड्यातील पिवळी अळी होय. टेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळसर भुंगेऱ्याची ही अळी असून ती सुमारे एक इंचापर्यंत वाढते. मोठ्या शहरांतील शोभिवंत मासे व पक्षी विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. युरोपीय संघाने २०२१ साली ही अळी वाळवून माणसांच्या आहारात वापरण्यास मान्यता दिली आहे, हे सांगितले म्हणजे तिच्याविषयीची किळस थोडी कमी व्हावी. अळ्या वाढविणे आपल्या भागास नवे नाही. बीड जिल्ह्यात रेशीम कीटकांचे संगोपन करणारी कुटुंबे आहेत, आणि ट्रायकोकार्ड तयार करण्यासाठी प्रयोगशाळांतून भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर कॉर्सिरा पतंगाची पैदास केली जाते. रेशमाच्या अळीस रोज पाला द्यावा लागतो. कोंड्यातील अळी त्या मानाने फार कमी कष्ट घेते.

गुळगुळीत कडांचे पसरट प्लास्टिकचे टोपले घ्यावे. अशा कडेवर अळीस चढता येत नाही. त्यात तीन-चार बोटे जाडीचा गव्हाचा कोंडा पसरावा. कोंडा आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवून थंड करून घ्यावा, म्हणजे त्यातील इतर किडे मरतात. कीटकनाशक भुकटी लावलेल्या धान्याचा कोंडा कधीही वापरू नये. ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची पातळ चकती वर ठेवावी. वेगळे पाणी शिंपडू नये. ह्या बाबतीत माझीच चूक सांगतो. पहिल्या खेपेस, अळ्यांना कमी पडू नये म्हणून, मी ऐन श्रावणात बटाट्याच्या भरपूर फोडी घातल्या. आठवड्यात कोंड्यास बुरशी आली, आंबूस वास सुटला व निम्म्याहून अधिक अळ्या गेल्या. तेव्हापासून एका वेळी एकच चकती ठेवतो आणि ती सुकली किंवा मऊ पडली की काढून टाकतो.

टोपल्यावर बारीक विणीचे कापड घट्ट बांधावे. मुंग्या हा मोठा शत्रू. टोपले लहान चौरंगावर ठेवून चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. ह्या किडीस २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. आपल्याकडील वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो, त्या दिवसांत टोपले माळवदाच्या घरातील थंड कोपऱ्यात, परंतु ओल्या जमिनीपासून उंच ठेवावे.

अशा तापमानात अंड्यांतून आठ-पंधरा दिवसांत अळ्या निघतात. त्या इतक्या बारीक असतात की पहिले काही आठवडे कोंडा नुसताच थरथरल्यासारखा दिसतो. पैदास बसली नाही असे समजून तो फेकून देऊ नये. अळी पुरी वाढण्यास दोन-तीन महिने लागतात. मग ती पांढरट, न खाणारा कोष होते व एक ते तीन आठवड्यांत भुंगेरा बाहेर पडतो. भुंगेरे दोन-तीन महिने जगतात आणि एकेक मादी काही शे अंडी घालते. मात्र भुंगेरे व मोठ्या अळ्या अंडी आणि कोषही खातात. म्हणून कोष वेचून निराळ्या भांड्यात ठेवावेत, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी भुंगेरे चाळून नव्या कोंड्यात घालावेत. जुना कोंडा अंड्यांसह तसाच राहू द्यावा. तळाशी जमणारी बारीक भुकटी ही अळ्यांची विष्ठा असून फुलझाडांस खत म्हणून उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे अवश्य आहे. हा भुंगेरा साठविलेल्या धान्याची व पिठाची कीड आहे. ज्या घरात वर्षाची ज्वारी कणगीत किंवा पोत्यांत भरलेली आहे, तेथे त्याच खोलीत हे टोपले ठेवणे म्हणजे आपल्या हाताने चोर घरात घेण्यासारखे आहे. धान्याची खोली व अळ्यांची जागा निरनिराळी असावी. स्वतंत्र जागा नसेल तर हा उद्योग करूच नये. तसेच दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी ज्यांचे घर बंद होते, त्यांनीही तो आरंभू नये. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांवर हे ओझे टाकणे बरे नव्हे.

वाढलेल्या भेकास एक दिवसाआड, दिवेलागणीनंतर, चार-सहा अळ्या पुरतात. त्या गुळगुळीत बशीत ठेवाव्यात, नाही तर त्या मातीत शिरतात. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी मऊ असते, ती आधी द्यावी. ह्या अळीत प्रथिने व चरबी भरपूर असली तरी चुना, म्हणजे कॅल्शियम, फार थोडे असते. केवळ तिच्यावर ठेवलेल्या भेकाची हाडे कमजोर होतात. यास्तव अंड्याच्या टरफलांची वस्त्रगाळ पूड चिमूटभर घेऊन तीत अळ्या घोळवाव्यात. पानात खाण्याचा चुना वापरू नये, त्याने कातडी व तोंड भाजते. अळ्यांच्या जोडीला रातकिडे, वाळवी, न फवारलेल्या जागेचे पतंग द्यावेत. पावसाळ्यात दिसणारी नखाएवढी पिल्ले ही अळी गिळू शकत नाहीत. त्यांना मुंग्या व वाळवीच लागते, तेव्हा त्यांस धरू नये.

भेकाच्या उपयोगाविषयी अतिशयोक्तीही नको. तो गुलाबी बोंडअळीचा पतंग जमिनीवर आला तर खाईल. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत त्याची जीभ पोहोचत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये उसाच्या मुळ्या खाणाऱ्या, आपल्या हुमणीसारख्या किडीसाठी १९३५ साली परक्या मुलखातील भेक मुद्दाम आणून सोडले. कीड आटोक्यात आली नाही. भेक मात्र दूरवर फैलावत गेले आणि त्यांच्या विषाने तेथील प्राणी मरू लागले. एका ठिकाणचा भेक दुसरीकडे नेऊन सोडू नये, तो ह्याच कारणाने. आपल्या अंगणात आपोआप आलेला भेक आपले काम करीतच असतो. त्यास हवा असतो बांधावरचा दगडांचा आडोसा आणि अंडी घालण्यास विषमुक्त डबके. तो जेलीच्या लांब दोरीसारखी अंड्यांची माळ पाण्यात सोडतो व तिच्यातून काळे बेडूकमासे निघतात. फवारणीचा पंप व औषधाचे रिकामे डबे अशा डबक्यात धुतले तर ती सारी पिढी एका दिवसात नष्ट होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकात ही सूचना न चुकता द्यावी.

रानातून भेक धरून आणणे मला पसंत नाही. वन्य प्राण्यांविषयी १९७२ चा कायदा आहे. शंका असल्यास वन विभागाच्या कार्यालयात विचारावे. परंतु कुदळीने जखमी झालेला, किंवा उन्हाळ्यात कोरड्या हौदात अडकून सुकलेला भेक हाती आला तर त्यास काही आठवडे वरील रीतीने सांभाळता येईल. तो आपण होऊन अळीवर झडप घालू लागला व जखम भरली, म्हणजे पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी, जेथे सापडला तेथेच त्यास सोडावे. उरलेल्या अळ्या कोंबड्यांस घालाव्यात आणि टोपल्यातील जुन्या कोंड्यावर उकळते पाणी ओतून मगच तो उकिरड्यावर टाकावा, म्हणजे त्यातील अंडी ज्वारीच्या कणगीपर्यंत पोहोचणार नाहीत.