पाच कोटींचं गणित

जतच्या चहाच्या टपरीवर प्रो कबड्डीच्या लिलावाची चर्चा रंगते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो: मालकाकडे पैसा असेल तर सगळेच चांगले खेळाडू का घेत नाही? कारण त्याला मुभाच नाही. 2023च्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती पाच कोटी रुपये. जुने कायम ठेवलेले मुख्य खेळाडूही त्यातच मोजायचे.

तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजार लावले, म्हणजे निम्म्याहून जास्त. उरलेल्यात बाकीचा संघ. टायटन्स शेवटचे आले. पुणेरी पलटणने इराणच्या शादलूईला 2 कोटी 35 लाख दिले, तरी विजेतेपद मिळवलं. कारण अस्लम इनामदारसारखी घडवलेली पोरं आधीच हाताशी होती. माझ्या मते खरा लिलाव तिथेच जिंकला जातो.

पुढच्या वर्षी शादलूईवर 2 कोटी 7 लाखांची बोली लागली. तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचा हक्क पलटणला होता. त्यांनी तो वापरला नाही. शादलूई हरियाणाच्या संघाकडे गेला, आणि विजेतेपदही.

खर्चाची मर्यादा सगळीकडे अशी सहज मान्य होत नाही: उत्तर अमेरिकेत तिच्याच भांडणापायी बर्फावरच्या हॉकीचा 2004-05चा अख्खा हंगाम बुडाला होता.